मी सरकले म्हणून भिंती उभ्या

मित्रांनो, मी एक जुनी, वाकडी लेन्स आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. इतर लेन्स कॅमेऱ्यावर ताठ बसतात. मी बसल्या जागी वर-खाली सरकते, मान तिरकी करते. घडवणाऱ्याने मला तसंच घडवलं, त्याला मी काय करू? फिल्मच्या काळात माझं फार कौतुक झालं. पुढे माझ्या मालकिणीने, फोटोग्राफर ताईने, मोठ्या सेन्सरचा डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हाही मधे एक कडं बसवून मला त्याच्याशी जोडलं. पण तिच्या धाकट्या भावाने संगणक मांडला आणि माझी रवानगी पेटीत झाली. काचेला बुरशी लागायची तेवढी बाकी होती.

"ताई, ही म्हातारी विकून टाक. फोटोत कलंडलेल्या भिंती सरळ करायला मला संगणकाचं एक बटण पुरतं," तो म्हणायचा.

मी मनात म्हणायचे, विकून तर बघ!

मग ते काम आलं. अरुंद गल्लीतलं एक प्रार्थनाघर दुसऱ्या दिवशी पाडणार होते. जन्मभर तिथली घंटा वाजवणारे काका म्हणाले, "अख्खं घ्या हो फोटोत. उद्यापासून दाखवायला दुसरं काही उरणार नाही."

भावाने साधी लेन्स लावली, समोरच्या घराला पाठ टेकवली आणि कॅमेऱ्याचं तोंड वर केलं. फोटोत प्रार्थनाघर मागे कलंडलं. त्याने तिथेच सोबतच्या लॅपटॉपवर ते सरळ केलं. त्यात वरचे दोन्ही कोपरे चौकटीबाहेर गेले.

काकांनी चष्मा सावरला. "छान आहे. पण माझी घंटा कुठंय?"

"काका, एवढंसं कापलं जातंच."

"एवढंसं? अरे बाळा, तिच्याच हाकेला देव येतो असं मानून जगलो मी!"

ताई पुढे झाली. तिने मला पेटीतून काढलं, हळूच धूळ पुसली. कॅमेरा तिवईवर अगदी समतल ठेवला आणि माझ्या बाजूची चकती फिरवली. मी वर सरकले. कुरकुरले, पण सरकले! भिंती खांबासारख्या उभ्या राहिल्या आणि कोपऱ्यात घंटा आली, दोराच्या पिळासकट.

काका कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर हात जोडून प्रार्थना गुणगुणू लागले. भाऊ कान पकडून म्हणाला, "म्हातारी, जिंकलीस बाई."

मित्रांनो, ते प्रार्थनाघर आज नाही. मला मात्र अजून खूप सरकायचं आहे. मला पुसा, कोरड्या जागी ठेवा, पण शोभेला मांडू नका. माझी चकती फिरवत राहा. आणि कुणी वाकडी म्हणून नाक मुरडलं, तर त्याला फोटोतली ती घंटा दाखवा. मी ताठ बसले असते, तर ती उरली नसती.