हुमैराला दिलेला शब्द

पुण्यात शिकत असताना मी आणि हुमैरा तीन वर्षं एकाच खोलीत राहिलो. एरंडवण्यात शोभनाकाकूंच्या घरी. मी इंजिनिअरिंगला होते आणि ती अफगाणिस्तानातल्या हेरातहून भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन कायदा शिकायला आली होती. पहिल्या वर्षी काकू "पाणी गेलं" म्हणाल्या की ती "कुठे गेलं?" असं विचारायची. तिसऱ्या वर्षी ती रिक्षावाल्यांशी मराठीत भांडायची आणि जिंकायची.

शिक्षण संपल्यावर ती परत गेली आणि सरकारी वकील झाली. बायकोचा हात मोडणारे, पोरीला जाळणारे असे पुरुष तिने तुरुंगात पाठवले. मी जर्मनीत एर्लांगेनला आले, एक्स-रे मशिन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये रमले, यशोधनशी लग्न केलं, इरा झाली. हुमैराचे फोन यायचे ते नवरोज आणि दिवाळीला.

२०२१च्या ऑगस्टमध्ये तालिबान आले आणि तुरुंग उघडले. पंधरा दिवसांतच, तिने शिक्षा मिळवून दिलेला एक माणूस तिच्या दारात उभा होता. त्या दिवशी ती घरात नव्हती म्हणून वाचली. मग ती, तिचा नवरा करीम आणि मुलगी सहर काबूलला पळाले आणि दर दोन-तीन महिन्यांनी घर बदलत राहिले. करीम शाळेत गणित शिकवायचा, ते सुटलं. सहरची शाळा मुलींसाठी बंदच झाली.

२०२३च्या शरदात तिने मला एका पत्राचा फोटो पाठवला. जर्मन सरकारचं पत्र होतं, आउफनामेत्सुझागे. म्हणजे, आम्ही तुम्हाला घेऊ.

मी फोनवर ओरडलेच. "हुमैरा, त्यांनी शब्द दिलाय गं!"

"लेखी आहे ना?" तिने वकिलासारखं विचारलं.

"लेखी आहे. खाली तिघांचीही नावं आहेत."

"मग झालं," ती म्हणाली.

व्हिसासाठी इस्लामाबादला या, असं पत्रात होतं. काही महिने लागतील. जानेवारीत ते तिघं तिथे पोचले आणि एका गेस्टहाऊसच्या खोलीत राहू लागले. मुलाखती झाल्या, बोटांचे ठसे झाले. सुरक्षेच्या चौकशीत हुमैराला चार तास प्रश्न विचारले. सगळं नीट पार पडलं. आता फक्त विमानाची वाट बघा, असं सांगितलं गेलं.

मी इकडे तयारीला लागले. आमच्या गल्लीतल्या फ्राऊ लेडरर या विधवा आजींच्या तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी त्यांना हुमैराची गोष्ट सांगितली. "त्या येईपर्यंत मी कुणाला देत नाही," त्या म्हणाल्या. एर्लांगेनमध्ये घर मिळवायला लोक वर्षवर्ष वणवण करतात, आणि या बाईंनी ते माझ्या मैत्रिणीसाठी रिकामं ठेवलं. मी पडदे शिवले. इराच्या शाळेत जाऊन सहरसाठी चौकशी करून आले.

वर्ष गेलं. २०२५च्या फेब्रुवारीत एकदाची विमानाची तारीख आली. हुमैराने बॅगा भरल्या. दोन दिवस आधी फोन आला, विमान रद्द. कारण सांगितलं नाही. मग जर्मनीत निवडणूक झाली, नवं सरकार आलं आणि असे कार्यक्रम आता बंद करायचे, असं ठरलं.

पत्र पाठवणाऱ्या सरकारी खात्याला मी अकरा ईमेल पाठवल्या. प्रत्येक वेळी तेच उत्तर, आपला संदेश मिळाला. शेवटी दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या.

"आपण नातेवाईक आहात का?"

"नाही, मैत्रीण."

"मग डाटेनशुट्झमुळे, म्हणजे खासगी माहितीच्या कायद्यामुळे, मी काहीच सांगू शकत नाही."

"तिची माहिती नका सांगू. एवढंच सांगा, विमानं कधी सुरू होणार?"

"ते आमच्याकडे नाही, दुसऱ्या मंत्रालयाकडे आहे."

"त्यांनी मला तुमचा नंबर दिला."

"आल्झो, म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही हो." आवाज वाईट नव्हता. तेच जास्त लागलं. भांडायला कुणी समोर असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी पुन्हा तेच बोलत होते. यशोधनने चमचा खाली ठेवला. "नंदिनी, दीड वर्ष आपल्या घरात दुसरा विषय नाही. मलाही वाईट वाटतं. पण तू आम्हाला दिसेनाशी झालीयेस."

इरा जर्मनमध्येच म्हणाली, "ममा, त्या येणारच नाहीयेत."

मी ताट उचललं आणि बाल्कनीत जाऊन बसले. ती दोघं चुकीचं बोलत नव्हती म्हणून राग आला होता.

दरम्यान हुमैराच्या कुटुंबाचे पाकिस्तानी व्हिसा संपले होते. पोलीस गेस्टहाऊसवर येऊ लागले. ऑगस्टमधल्या एका सकाळी करीम नान आणायला कोपऱ्यावर गेला आणि त्याला तिथूनच उचललं. जर्मनीचं पत्र त्याच्या खिशात होतं. त्याने ते दाखवलं. हवालदाराने ते उलटसुलट करून परत दिलं. तिसऱ्या दिवशी त्याला तोरखमला सीमेपलीकडे अफगाणिस्तानात सोडलं.

"तो काबूलमध्ये आहे, चुलतभावाकडे," हुमैराने फोनवर सांगितलं. "नंदू, त्याने कुणाला तुरुंगात नाही पाठवलं. मी पाठवलं. पण ते त्यालाच विचारणार ना, बायको कुठे आहे?"

मग कोर्टाची वाट धरली. एका मदतसंस्थेने बर्लिनमधला वकील मिळवून दिला. हुमैराने तिच्या खटल्यांचे कागद क्रमवार लावून दिले, इतके नीट की वकिलाने मला सांगितलं, असं अशील मला रोज मिळो. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे, तिघांनाही व्हिसा द्या. मी ऑफिसात रडले. आठवड्यातच सरकारने अपील केलं.

आणि अपील चालू असतानाच हुमैराला सरकारकडून आणखी एक पत्र आलं. आपण स्वतःहून नाव मागे घ्यावं, त्याबदल्यात काही रक्कम आणि अफगाणिस्तानात परतायला मदत मिळेल. मी तिला ते फोनवर मराठीत वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"माझ्याकडे आरोपींची माणसं यायची," ती म्हणाली. "केस मागे घ्या, पैसे घ्या. त्यांना मी चहासुद्धा विचारत नव्हते."

अपील फेटाळलं गेलं. डिसेंबरच्या सुरुवातीला हुमैराच्या आणि सहरच्या पासपोर्टवर व्हिसा लागले. करीमचाही मंजूर होता, पण तो त्याने इस्लामाबादला येऊन घ्यायचा होता आणि जिथून हाकललं तिथला व्हिसा त्याला मिळत नव्हता. शिवाय तो मध्येच अफगाणिस्तानात परत गेल्यामुळे त्याची चौकशी नव्याने करावी लागणार होती.

विमान चार दिवसांवर होतं. "काय करू?" हुमैराने विचारलं. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच असं विचारलं होतं. उत्तर करीमनेच दिलं. फोनवर त्याने सहरला सांगितलं, की आईला ओढत ने, आणि फोन ठेवून दिला.

त्या दोघी जर्मनीत हानोफरला उतरल्या. सुरुवातीला त्यांना निर्वासितांच्या छावणीत ठेवलं आणि मग कुठे राहायचं ते ठरवणारं पत्र आलं. पोलंडच्या सीमेजवळचं एक छोटं गाव. मी पुन्हा फोन लावला.

"इथे त्यांच्यासाठी घर तयार आहे," मी म्हणाले. "शाळा बघून ठेवलीय. तुम्हाला एक खोलीसुद्धा शोधावी लागणार नाही."

"वाटणी राज्यांच्या कोट्याप्रमाणे होते."

"पण मी इथे आहे! त्यांचं इथे दुसरं कुणीच नाही!"

"उमफेरटाइलुंगसाठी, म्हणजे बदलीसाठी, त्या अर्ज करू शकतात. मात्र आपण नातेवाईक नाही ना..."

फ्राऊ लेडररना मी सांगायला गेले. त्यांनी मला बसवलं, केक दिला. जानेवारीत त्यांनी त्या खोल्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीला दिल्या. मी पडदे काढून आणले नाहीत.

फेब्रुवारीत मी हुमैराला भेटायला निघाले तेव्हा इरा स्वतःहून म्हणाली, मी पण येते. आठ तास, चार गाड्या, त्यातली एक चुकली. त्या गावच्या स्टेशनवर वाऱ्यात दोघी उभ्या होत्या. हुमैराचे केस पांढरे झाले होते. आम्ही किती वेळ एकमेकींना धरून उभ्या होतो कोण जाणे. सहर आणि इरा बाजूला उभ्या राहून एकमेकींच्या बुटांकडे बघत होत्या.

"दमलीस का गं?" हुमैराने विचारलं. खणखणीत पुणेरी मराठीत.

निर्वासितांच्या वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात तिने चहा ठेवला. मग ती आतून कागद घेऊन आली. करीमला इकडे आणण्यासाठीचा नवा अर्ज. विवाहाचा दाखला मूळ प्रतीत मागितला होता. मूळ प्रत हेरातच्या घरात राहिली होती. त्या घरात आता दुसरंच कुणी राहत होतं.

"अर्ज द्यायला वेळ कधीची मिळाली?" मी विचारलं.

"चौदा सप्टेंबर."

माझ्या तोंडून जर्मनमध्ये एक शिवी गेली. इराने दचकून माझ्याकडे बघितलं आणि मग पहिल्यांदाच सहर हसली. हुमैरा हसली नाही. तिने चष्मा लावला, माझ्याकडे पेन सरकवलं आणि म्हणाली, "हा दुसरा रकाना मला कळत नाहीये. काय विचारलंय ते नीट सांग."

मी खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला लागले.