गळ्यातली लाल पट्टी

मी एक जुनी लाल पट्टी आहे. ओळखपत्र गळ्यात अडकवतात ना, तसली. माझा रंग आता विटलाय आणि एका कडेचे दोरे सुटलेत. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला शाबासकी देणार नाही. तरी सांगते, कारण आज मी ज्या घरात आहे तिथे माझी रोज मान खाली जाते.

माझा जन्म कड्याचा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या या गावात वनमालाताईंचं शिलाईचं दुकान आहे. गावचे वैमानिक अमरसिंह एकदा सुट्टीवर आले आणि त्यांच्याकडे लाल पट्ट्यांची मोठी ऑर्डर देऊन गेले. वनमालाताईंना कोण आनंद! आपल्या हातचं आता इमानात बसणार, असं त्या शेजारणींना सांगत सुटल्या. पट्ट्या कशासाठी हे त्यांनी विचारलं नाही. मलाही ते ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. दोन विमान कंपन्या एक झाल्या होत्या. विमानांचा रंग एक झाला, वैमानिकांचे गणवेशही एक झाले. अडलं ते ज्येष्ठतेच्या यादीवर. वैमानिकाचं सगळं त्या यादीतल्या क्रमांकावर ठरतं. मोठं विमान कुणाला, दिवाळीची सुट्टी कुणाला, आणि मुख्य म्हणजे डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत कोण बसणार. दोन शाळांची मुलं एका मैदानात आणून एकाच रांगेत उभी केली तर पुढे कोण यावरून ढकलाढकली होणारच. तसंच झालं.

अमरसिंहांच्या कंपनीत बढती फार उशिरा मिळे. उजवीकडच्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत केस पिकायला लागले तेव्हा कुठे ते कॅप्टन झाले. दुसऱ्या कंपनीतले लोक वयाने लहान, पण कॅप्टन आधीच झालेले. अमरसिंहांची संघटना म्हणे, नोकरीला आधी कोण लागलं ते बघा. समोरची म्हणे, कॅप्टन आधी कोण झालं ते बघा. समोरच्यांचं ऐकलं असतं तर अमरसिंहांना पुन्हा उजवीकडे जावं लागलं असतं. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला कबूल आहे.

पण गणवेश एकच, मग आपला कोण आणि परका कोण हे ओळखायचं कसं? त्यासाठी आमची नेमणूक झाली. एका बाजूने लाल पट्टी घातली, दुसरीने निळी. लालवाला निळ्याशी कामापुरतंच बोले. चहासुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर होऊ लागला. आणि मी? मी छातीवर नुसती मिरवत होते. गावी आले तरी अमरसिंह मला गळ्यातून काढत नसत. कड्याच्या बाजारात लोक वळून बघायचे आणि मला वाटायचं, ते मलाच बघताहेत.

कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या मागे एक जादा खुर्ची असते. विमान भरलेलं असलं तर कंपनीच्या वैमानिकाला तिच्यावर बसून घरी जाता येतं. फक्त कॅप्टनने हो म्हणायला हवं. पूर्वी कुणी कुणाला नाही म्हणत नसे. आता लालवाल्यांनी आपसात ठरवलं, निळ्याला ती खुर्ची द्यायची नाही.

एका संध्याकाळी दिल्लीहून संभाजीनगरला जाणारं शेवटचं विमान निघायच्या बेतात होतं. कॉकपिटच्या दारात एक तरुण कॅप्टन धापा टाकत येऊन उभा राहिला.

"सर, मी तौसीफ. मी बी बीडचाच, दिंद्रुडचा," तो म्हणाला. "अम्मीला लकव्याचा झटका आलाय, संभाजीनगरला दवाखान्यात हाय. बोलतीय, पन सारखं माझंच नाव घेतीय. मागच्या सीटवर बसू द्या. लई उपकार होतील."

घरची बोली ऐकून अमरसिंहांनी झटकन मान वळवली. पण त्यांची नजर त्याच्या तोंडापर्यंत पोचलीच नाही. ती मधेच निळ्या पट्टीवर अडकली.

"जागा नाही," ते पुस्तकी मराठीत म्हणाले.

तौसीफने मागच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर अमरसिंहांची टोपी ठेवलेली होती. तो "बरं सर" म्हणाला आणि निघून गेला. संभाजीनगर येईपर्यंत ती टोपी खुर्चीवर आरामात बसून होती. मला पहिल्यांदाच माझ्या रंगाची लाज वाटली.

पुढच्या सुट्टीत अमरसिंहांनी हा किस्सा कड्याला ओसरीवर बसून सांगितला. धाकटा भाऊ हनुमान खूश झाला. बरी जिरवली, असं म्हणाला. त्यांची आई, कौशल्याबाई, बाजूला गवार निवडत होत्या.

"आता कशी हाय त्या लेकराची माय?" त्यांनी विचारलं.

अमरसिंह म्हणाले, "ठाऊक न्हाई."

"इचारलं बी न्हाईस?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "गाडी काढ. दिंद्रुडला जाऊ."

दिंद्रुडला तौसीफचे वडील मकसूदभाई मोटारी दुरुस्त करतात, त्यामुळे घर लगेच सापडलं. तौसीफची अम्मी, हाफिजाबी, खाटेवर होत्या. उजवं अंग लुळं पडलं होतं. त्या संध्याकाळभर तौसीफ, तौसीफ करत राहिल्या, असं मकसूदभाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या विमानाने तो पोचला, तोवर त्यांची वाचा गेली होती. मकसूदभाई रागावले नाहीत. आलेल्यांसाठी त्यांनी चहा सांगितला.

तौसीफ खाटेशी खटपट करत होता. अम्मीला डाव्या हाताने वाजवता यावी म्हणून त्याने शेळीच्या गळ्यातली घंटी आणली होती. ती बांधायला सुतळी घेतली तर हाताला काचत होती. नाडा आखूड पडत होता. अमरसिंहांनी मला गळ्यातून काढलं, ओळखपत्र खिशात टाकलं आणि मला पुढे केलं.

"ही घे. मऊ हाय," ते म्हणाले. "चुकलं माझं."

तौसीफने आधी माझा रंग पाहिला. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. मला घेतलं, घंटी बांधली आणि माझं टोक अम्मीच्या डाव्या हातात दिलं.

पुढे काही महिन्यांनी यादीचा निकाल लागला. दोन्हीकडची नावं एकमेकांत मिसळली. अमरसिंहांची डावी खुर्ची राहिली आणि तौसीफचीही राहिली. ज्या भीतीपायी एवढं केलं, ती गोष्ट घडलीच नाही. अमरसिंह अधूनमधून इथे येतात, खाटेजवळ बसतात, आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. मी तरी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?

मित्रांनो, आपल्या हक्कासाठी जरूर भांडा. पण दारात कुणी येऊन उभा राहिला, तर आधी त्याचं तोंड बघा आणि तो काय सांगतोय ते ऐका. गळ्यात काय आहे ते मागाहून बघता येतं.

हाफिजाबींना पाणी हवं असलं की त्या मला ओढतात. घंटी वाजते आणि सुट्टीवर घरी असला की तौसीफ "आलो अम्मी" म्हणत धावत येतो. एके काळी त्या त्याला नावाने हाक मारायच्या. आता ते काम माझ्याकडे आलं आहे, आणि मला त्याचं नाव घेता येत नाही.