सारांची कुई

रविवारी दुपारी परदेशातल्या, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये रत्नदीप आपल्या आईला, कमलाबाईंना, उद्याच्या व्याख्यानाचा नकाशा दाखवत होता. थरच्या वाळवंटाचा हजार वर्षांचा इतिहास. कुठली नदी आटली, कुठे माणसं टिकली, कुठून उठून गेली, हे सगळं त्याने चार वर्षं सॅटेलाइटचे फोटो चाळून मांडलं होतं. पोराची हुशारी बघून कमलाबाईंचा ऊर भरून आला होता. तेवढ्यात जैसलमेरच्या पश्चिमेच्या एका पट्ट्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हा भाग मात्र कायमचा निर्जन."

कमलाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "कोण म्हणतं?"

"आई, फोटोत एकही विहीर दिसत नाही."

"दिसेल कशी? झाकून ठेवतात ती."

"सॅटेलाइट कॅन सी एव्हरीथिंग, लाह, आजी," रत्नदीपची दहा वर्षांची अंजली तिथल्या बोलीतल्या इंग्रजीत मध्येच बोलली.

"गप्प बस गं! बाप उंटावरून शेळ्या हाकतोय, तू त्याचीच री ओढ."

अठ्ठ्याहत्तर साली कमलाबाईंचा नवरा गणपत सरकारी बोअरच्या गाडीवर मिस्त्री होता, आणि गाडीचा तळ नेमका याच पट्ट्यात पडला होता. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही. कमलाबाईंना सातवा महिना, जिभेला कोरड. तेव्हा सारां नावाची एक शेळ्या राखणारी बाई त्यांना टेकाडामागे घेऊन गेली. तिने पायाने वाळू सारली, खालचं लाकडी झाकण ओढलं. आत जेमतेम माणूस उतरेल एवढी विहीर. तिला तिकडे कुई म्हणतात. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या पांढऱ्या थरावर अडतं आणि कुईत थेंब थेंब पाझरतं. तो थर फोडला की गोडं पाणी गेलं, खाली सगळं खारट.

कमलाबाईंच्या आजीला गावच्या विहिरीवर चढायची बंदी होती. वरून कुणी ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. सारांने जात विचारली नाही. तिने पोहराच कमलाबाईंच्या हातात दिला.

"तुझ्या बाबांनी तिथे बोअर मारली नाही," हे सगळं सांगून कमलाबाई म्हणाल्या. "साहेबाचा मेमो घेतला, पण थर फोडला नाही. आणि तू म्हणतोस तिथे कुणी नव्हतंच!"

"आई, उद्या मोठमोठी माणसं येणार आहेत. पुरावा मागतील."

"पुरावा? तू पोटात होतास. ते पाणी तूही प्यायलास."

रत्नदीपने जमिनीखालच्या थरांचा नकाशा उघडला आणि आपल्या नकाशावर ठेवला. जिप्समचा पांढरा थर बरोबर त्या 'निर्जन' पट्ट्याखाली पसरला होता. चार वर्षं दोन्ही नकाशे त्याच्याच कॉम्प्युटरवर होते, पण हे जुळवून बघायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याने डोक्याला हात लावला आणि 'निर्जन' शब्द पुसून टाकला.

सोमवारी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये कमलाबाई ठेवणीतली निळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. रत्नदीप इंग्रजीत बोलत होता, अंजली कानात मराठी करून सांगत होती. तो पट्टा पडद्यावर आला.

"बाबा म्हणतायत, इथे मी चुकलो होतो. इथे माणसं होती. पाणी कसं राखायचं, ते त्यांना आपल्याआधी कळलं होतं." अंजली थांबली. "आजी, खाली तुझं नाव लिहिलंय! माहिती देणाऱ्या, कमलाबाई गणपत वाघमारे."

टाळ्या पडल्या. कमलाबाई उठून उभ्या राहिल्या. लाजल्या नाहीत, हातही जोडले नाहीत.

"रत्नदीप," त्या भर सभेत मराठीतच म्हणाल्या, "मी तर नुसतं पाणी प्यायले. कुई तिची होती. तिचं नाव लिही."

रत्नदीपने मान डोलावली आणि सगळ्यांदेखत आईच्या नावाच्या वर टाइप केलं: सारां.

मग कमलाबाई खाली बसल्या.