दोन ताटल्या

"रविवारी मोरितासाहेबांकडे जेवायला जायचंय," राजदीप म्हणाला, तेव्हा मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणायचे. समीक्षाला पाजायचे, पुसायचे, निजवायचे. पण मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

तिच्याबरोबर जन्मलेला प्रशील नामकरणानंतर थोड्याच दिवसांत तापाने गेला. सासूबाईंनी त्याची झबली-टोपडी बोचक्यात बांधून उचलून ठेवली आणि मला बजावलं, "आते त्यानं नाव लेवानं नही. पोरीनं दूध तुटी जाई." दूध आटेल या धाकाने तेव्हापासून घरात ते नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही.

मोरितासाहेब राजदीपच्या पाइप कारखान्यात मशिनं बसवायला आलेले. नामकरणाचे पेढे वाटताना राजदीपने त्यांना दोन्ही नावं सांगितली होती. प्रशील गेला तेव्हा ते जपानला होते. परतल्यावर त्यांनी विचारलं, "दोनों बेबी ठीक?" आणि आमचा शहाणा हो म्हणून मोकळा झाला. हे त्याने मला सांगितलं कधी, तर त्यांच्या फाटकाशी रिक्षातून उतरताना! "विचारलं तर म्हणू, एक घरी झोपलाय," तो म्हणाला. मी बरं म्हटलं.

आत दोन लहान गाद्या मांडल्या होत्या. प्रत्येकीसमोर स्टीलची नवी ताटली. तिच्यात लालसर भात, तळलेला अख्खा मासा आणि एक गुळगुळीत खडा. मोरितावहिनींनी शेजारणीकडून उचललेल्या हिंदीत समजावलं. हे बाळाचं पहिलं जेवण, आपल्या उष्टावणासारखंच. पण बाळ खात नाही, घास नुसता ओठांपर्यंत न्यायचा. जेवायची काडी खड्याला टेकवून हिरड्यांना लावायची, म्हणजे दात बळकट होतात. मुलीला मोठी बाई भरवते, मुलाला मोठा पुरुष.

ताटल्यांवर नावं होती. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात हे बघून वहिनींनी ती दुकानातून घालून आणली होती. 'कु. समीक्षा'. 'चि. प्रशील'. तो चि. दुकानदाराने आपल्या मनाने घातला असणार.

"दूसरा बेबी?" वहिनींनी दाराकडे पाहिलं.

"वो घर पे..." राजदीपने सुरुवात केली.

"वो नहीं रहा," मी म्हटलं. भाजीत मीठ नाही म्हणावं तसं म्हटलं.

राजदीपने मान खाली घातली. वहिनींनी तोंडावर हात ठेवला आणि त्या दुसरी ताटली उचलायला वाकल्या. साहेबांनी त्यांना थांबवलं. ते रिकाम्या गादीसमोर गुडघे मोडून ताठ बसले. काड्यांनी भाताचं एक शीत उचललं, बाळाचं तोंड असतं तिथवर नेलं, जरा थांबले, परत ठेवलं. मग मासा. मग खड्याला काडी टेकवली आणि त्याच्या हिरड्यांनाही लावली. शेजारी वहिनी समीक्षाला तसंच भरवत होत्या. तीही काही खात नव्हतीच.

जेवणात काय काय होतं ते आता आठवत नाही.

निघताना वहिनींनी दोन्ही ताटल्या धुऊन दिल्या. रिक्षात राजदीप हळूच म्हणाला, "ती एक माझ्या बॅगेत टाक. आईला दिसायला नको." मी बरं म्हटलं नाही. दोन्ही मांडीवर घेऊन बसले.

घरी सासूबाईंनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. "एक पोरीनी. हाई दुसरी कोनी शे?"

"प्रशीलची," मी म्हटलं.

आणि मग मला रडू फुटलं, इतकं की समीक्षा दचकून रडायला लागली. मी तिला पदराखाली घेतलं. दूध आलं.