मागच्या उताराची कौलं

कौलवाल्याचं वागणं मावशींना पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. माणूस वेळेवर यायचा, शिडी नीट टेकवायचा, छपरावर मांजरासारखा चालायचा, एक कौल पायाखाली मोडू द्यायचा नाही, हे सगळं कबूल. पण तोंड! तोंडाला कुलूप घालून किल्ली कुठं टाकून आला होता कोण जाणे. तीन दिवस मावशी शिडीखाली उभ्या राहून, मान मोडेस्तोवर वर बघत विचारत होत्या, "काय दिसतंय रे?" आणि वरून एकच उत्तर येत होतं, "होईल सगळं, आजी."

आजी म्हणे! ह्याच्या मिशा मावशींच्या केसांपेक्षा पांढऱ्या. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, अगदी शेंबडी पोरंसुद्धा, आणि हा आजी म्हणणार.

मुकाच असता तरी एक वेळ चाललं असतं. पण मावशींचा मुलगा संध्याकाळी कामावरून आला की पन्हळीखाली उभं राहून कुजबुजायला ह्याच माणसाला तोंड फुटायचं. मावशी चपला ओढत तिथवर पोचेस्तोवर दोघं गप्प. घर कुणाचं, छप्पर कुणाचं? नवरा गेल्यावर वीस वर्षं हे छप्पर त्यांनी एकटीनं सांभाळलं होतं. झाडाचा पाला झाडून काढायचा, पन्हळ मोकळी करायची, सुक्या ब्रशानं शेवाळ खरवडायचं, तडकलेलं कौल काढून नवं बसवायचं. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कुठं शिडी सुटली. आणि आता त्याच छपराची खबर त्यांना चोरून ऐकावी लागत होती.

ती खबर तिसऱ्या रात्री जेवताना फुटली.

"उद्या दुपारी झाड तोडायला माणूस येतोय," मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला.

"कुठलं झाड?" मावशींनी विचारलं. जणू दारात दहा-बारा उभी होती.

"आई, मागच्या खोलीच्या छताला ओल आलीय, तू बघितलीस. वरचे वासे कुजलेत. कौलवाला म्हणतो पाला साचतो, सावली असते. झाडच ठेवलं नाही तर प्रश्नच मिटला."

"कौलवाला म्हणतो! उद्या तो म्हणेल म्हातारी फार बोलते, मग मलाही तोडायला माणूस आण."

सुनेला हसू आलं, ते तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. "आई, तसं नाही हो. त्या खोलीत पोर झोपते आपली. वरून काही पडलं म्हणजे?"

झालं. नातीच्या डोक्यावर वासा पडायची गोष्ट निघाल्यावर कोण काय बोलणार? मावशी हात धुवायला उठल्या त्या परत ताटावर बसल्याच नाहीत.

झाड घराच्या आधीपासूनचं. पुढचं अंगण, ओटा, पुढच्या छपराचा सगळा उतार, सगळं त्याच्या सावलीत. मावशींची खाट खिडकीशी होती आणि भर उन्हाळ्यातही त्यांना पंखा लागत नसे. ते झाड नाही अशी खिडकी कशी दिसेल, हे त्यांनी डोळे मिटून बघायचा प्रयत्न केला आणि लगेच डोळे उघडले.

सकाळपासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली. ओट्यावर बसल्या, उठल्या. भाजी निवडायला घेतली, अर्धी टाकून दिली. फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या. मुलानं आज रजा घेतली होती आणि तो फोनवर त्या झाड तोडणाऱ्याला पत्ता समजावत होता. कौलवाला कौलांखाली ठोकायच्या नव्या रिपा आणायला गेला होता. मावशींच्या डोक्यात मात्र काहीतरी खुपत होतं, चपलेत खडा जावा तसं. चौथ्यांदा अंगणात आल्या तेव्हा तो खडा सापडला.

झाड पुढं. ओल मागं.

मागच्या उतारावर तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं! तिथं कसली आलीय सावली?

त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी घेतली, पदर खोचला आणि माळ्याची शिडी धरली. सून परसात कपडे वाळत घालत होती म्हणून बरं, नाहीतर तिनं शिडीच उचलून नेली असती. गुडघे प्रत्येक पायरीला बोंब मारत होते. मावशींनी त्यांना दोन शिव्या दिल्या आणि वर पोचल्या.

आधी पुढची बाजू. कौलांच्या फटींतून उजेडाच्या रेघा येत होत्या, वारा येत होता, चार वाळकी पानं आत पडली होती. लाकूड जुनं, काळं, पण खडखडीत कोरडं. सुरी टोचली तर टोक आत शिरेना.

मग मागची बाजू. तिथं सुरी मुठीपर्यंत गेली, पिकल्या केळ्यात जावी तशी. कौलवाल्यानं थोडी कौलं काढली होती, आणि उरलेल्यांच्या फटींत करडे, टणक गोळे भरलेले होते. मावशींनी त्यावर हात ठेवला. गोळ्यावर चार बोटांच्या खाचा होत्या. त्यांची चार बोटं त्यात बरोबर बसली.

त्या तिथंच खाली बसल्या.

सात वर्षांपूर्वी मुलगा नोकरीसाठी वर्षभर परगावी होता. जाताना बजावून गेला होता, मी नसताना वर चढायचं नाही. पण मागच्या फटींतून धूळ यायची, पाली यायच्या. मावशींनी सिमेंट कालवलं आणि माळ्यावर चढून मागच्या उताराची एकूण एक फट आतून बुजवली. थापी सापडेना म्हणून हातानंच. कुणाला सांगितलं नाही, पण मनात आठवडाभर मिरवत होत्या. गोणी संपली म्हणून पुढचा उतार वाचला.

आता पुढच्या फटींतून येणारा वारा गालाला लागत होता आणि कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. कौलाखाली पाणी गेलं तरी वाऱ्यानं सुकतं. त्यांनी वाऱ्याचीच वाट बुजवली होती. सिमेंट उन्हानं तडकलं, भेगांतून पाणी आत गेलं आणि आतच राहिलं.

त्या खाली उतरल्या तेव्हा कौलवाला रिपांची मोळी ओट्याला टेकवत होता. मावशींच्या केसांतली जळमटं आणि हातातली सुरी बघून तो जागच्या जागी थिजला.

"तुला कधी कळलं?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, ह्या छपराला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. सूनबाईंच्या समोर म्हणालात. मग मी काय सांगू? पाल्यामुळं होतं असं, एवढंच म्हटलं. साहेबांनी झाडालाच दोषी धरलं."

"आणि तू धरू दिलंस."

"झाडाला काय वाईट वाटणार, आजी? तुम्हाला वाटलं असतं."

तेवढ्यात फाटक वाजलं. झाड तोडणारा आला होता, खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात करवत. मुलगा त्याला बुंध्याकडं घेऊन गेला. दोघं वर बघून कुठली फांदी आधी, ते ठरवू लागले.

मावशी ओट्याच्या ह्या टोकाला गेल्या, त्या टोकाला गेल्या. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. कौलवाला मरेपर्यंत बोलणार नाही, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. सुनेसमोर मान ताठ राहिली असती. आणि खिडकीत उघडं आभाळ.

दोर वर गेला. फांदीवर पडला.

"थांबा!" मावशी ओरडल्या. सून ओला टॉवेल हातात घेऊन धावत आली. "झाडाला हात लावायचा नाही. मागचं छप्पर मी कुजवलंय. फटींत सिमेंट भरलं होतं, ह्या हातांनी. माळ्यावर जाऊन बघा, माझी बोटं उठलीयत."

मुलगा बुंध्याकडून ओट्याशी आला आणि म्हणाला, "आई, तू वर चढली होतीस?"

"तू नको म्हटल्यावर दोनदा. एकदा सात वर्षांपूर्वी आणि एकदा आत्ता. ओरडायचं ते एकदमच ओरड."

तो ओरडला नाही. कौलवाल्याकडं वळला. "हे खरं आहे?"

कौलवाल्यानं मान हलवली. "झाडाच्या दोन फांद्या कौलांना घासतात. तेवढ्या मी छाटल्या की पुरे."

सुनेनं सासूबाईंकडं बघितलं. हसलीही नाही आणि टोमणाही मारला नाही, आणि तेच मावशींना जास्त लागलं. झाड तोडणारा दोर गुंडाळू लागला.

कौलवाला रिपा उचलून शिडीकडं सटकत होता. मावशींनी त्याची वाट अडवली.

"हात तुझा चांगला आहे, त्यात वाद नाही. पण जीभ भित्री आहे. म्हातारीला खरं सोसणार नाही, असं तू तुझं तूच ठरवलंस. म्हणजे मान राखलास की मला बिनकामाची ठरवलंस? माझी चूक माझी आहे. ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा अधिकार मी कुणाला दिलेला नाही. छप्पर तूच पुरं करायचंस. पण वर काय कुजलंय ते आधी मला सांगायचं, तेही मोठ्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं."