वारा पडलेला असताना

मर्वने व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि आल्याचं बिस्किट चहात बुडवलं. पडद्यावरची होडी जागच्या जागी डुलत होती. शीड लोंबत होतं.

“पडला वारा,” तो म्हणाला.

“याला खेळ म्हणतात?” शेजारचा डग सोफ्यावरून उसळला. “समीक्षकांनी म्हणे दहापैकी नऊ गुण दिले. देणारच, फुकट मिळतो त्यांना! पैसे मोजणाऱ्यांना विचार, दोनसुद्धा देणार नाहीत.”

“जन्मभर ट्रक हाकलास तू. थांबणं तुला कुठून कळणार?”

“मी डगच्या बाजूने आहे, बाबा,” जॉस म्हणाली. ती दर रविवारी होबार्टहून बापाकडे यायची आणि हा वाद ठरलेला असायचा. “कामावरून आल्यावर जेमतेम अर्धा तास मिळतो माणसाला. त्यात रिकामं पाणी बघत बसायचं? आता नव्या आवृत्तीत बटण दिलंय त्यांनी. दाबलं की वारा.”

“म्हणून तर इंटरनेटची वायर उपटून ठेवलीय. ती लावली की नवी आवृत्ती आलीच घरात.”

“हट्टी म्हातारा,” डग म्हणाला आणि कुत्र्याला खायला घालायला घरी गेला.

मर्व जवळच्या डोव्हर बंदराच्या धक्क्यावरून लॉब्स्टर धरायला जायचा. हवामान सुधारायची वाट बघणं हे त्याच्या लेखी कामच होतं. एरवी तो फारसा बोलत नसे. होडी थांबली की मात्र बोलायचा.

“तुझी आई पहिल्यांदा माझ्या बोटीवर आली ना, त्या दिवशीही समुद्र असाच...”

जॉसने गाडीची किल्ली उचलली होती.

“घाई आहे का तुला?” त्याने विचारलं. हेही दर रविवारचंच.

“अंधाराआधी निघायला हवं. रस्त्यावर वॉलबी उड्या मारत येतात, कांगारूंसारख्या.” दारातून ती म्हणाली, “वारा आला की कळव.”

गुरुवारी जॉसला डगचा फोन आला. मर्व लाकडं फोडता फोडता खाली बसला होता, तो उठलाच नाही.

अंत्यसंस्कारानंतरच्या रविवारी ती घर आवरायला आली. डग मदतीला होता. दुपार कलल्यावर तिने टीव्ही लावला. पडद्यावर चौकट आली : नवी आवृत्ती तयार आहे. घ्यायची?

“वायर मीच लावली,” डग म्हणाला. “म्हटलं, पोरीला तेवढं बटण तरी मिळेल.”

जॉसने ‘नको’ दाबलं. मग उठून टीव्हीमागे हात घालून वायर काढली.

“अगं, तुलाच हवं होतं ना ते?”

तिने बापाचा खेळ उघडला. होडी तिथेच होती. त्या रविवारी जॉस निघाल्यावर वारा यायच्या आतच त्याने खेळ बंद केला असणार.

डगने खिडकीबाहेर पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. खोलीतला उजेड कमी होत चालला होता.

“निघ आता, जॉस. अंधारात वॉलबी आडव्या येतील. घाई नाही का तुला?”

जॉसने कंट्रोलर मांडीवर ठेवला. शीड लोंबत होतं.

“नाही,” ती म्हणाली. डगकडे तिने पाहिलं नाही. “मला घाई नाही, बाबा. सांग पुढे.”