जाताना वाजणारी गाडी

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी कशाला? दाराशी बसणाऱ्याच्या कानात कथा अर्धीच शिरते, उरलेली अर्धी तो आपल्या मनाने भरतो आणि मग गावभर निराळीच सांगत फिरतो. आज तुम्हांला एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. रथाची नव्हे हो. साधी पांढरी मोटार, उजव्या दारावर बैलाच्या शिंगाचा ओरखडा असलेली. पण हरिकथा तिच्यात बसून गावोगाव जायची, एवढं ध्यानात ठेवा.

गाडी अमरावतीच्या भागीरथाबाईंची. बाई कीर्तनकार. पदर खोचून, हातात चिपळ्या घेऊन त्या उभ्या राहिल्या की पोरंसुद्धा रडायचं विसरत. त्यांचे यजमान पुंजारामबुवा तबल्याला बसत आणि गाडीही तेच चालवत. बुवा गेल्यावर तबल्याला त्या त्या गावात मिळेल तो माणूस, आणि गाडीला सून साधना. पेटीवरही तीच. मुलगा अमोल नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत होता. त्याला सूर आणि ब्रेक दोन्ही वेळेवर सापडत नाहीत, असं त्याची आईच म्हणे.

साधनाला एक गोष्ट फार लवकर उमगली होती. आईंचं खरं कीर्तन मांडवात होतच नसे. ते व्हायचं गाडीत, मागच्या सीटवर. शेजारी तंबोरा, पायाशी पाण्याची कळशी, डोळे मिटलेले. दर्यापूरकडचा तो काळ्या मातीवरचा रस्ता तुम्ही पाहिला असेल. माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचं डांबर लाटेसारखं होऊन बसतं. गाडी त्यावरून पाळण्यासारखी जायची. दोन्हीकडे फुटलेला कापूस, जणू आभाळ थकून शेतात निजलं आहे. त्या झुल्यात आईंचे ओठ हलू लागत. आरशात ते दिसलं की साधना गिअरसुद्धा हळू टाकायची. देवाच्या दारात चपला काढतात ना, तसं.

एक अडचण मात्र होती. परतताना गावकरी डिकीत काही ना काही टाकत. तूर, हरभरा, कुठे ज्वारी. एवढ्या वजनाने गाडी मागून इतकी बसायची की प्रत्येक गतिरोधकावर पोट घासलं जाई. म्हणून संक्रांतीआधी साधनाने अमरावतीच्या एका गॅरेजात मागच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या. कंपनीच्या नव्हेत, बाजारातल्या, जाड तारेच्या. गाडी मागून ताठ उभी राहिली. साधनाला वाटलं, चला, एक काम नीट झालं.

आणि दुसऱ्याच दिवशी गाडी वाजू लागली.

गतिरोधक आला की टण्. खड्ड्यातून चाक वर आलं की टण्. आईंचे ओठ हलायला लागले की हटकून टण्. साधनाने झांजा फडक्यात गुंडाळल्या, जॅक चिंध्यांत बांधला, स्टेपनी घरी ठेवली. गॅरेजवाला म्हणाला, "नव्या हायेत, बसतील हळूहळू." बसल्या नाहीत. उलट दर्यापूरच्या कीर्तनात बसल्या त्या भागीरथाबाई. भर उत्तररंगात शब्द हरवला, चिपळ्या थांबल्या, आणि बाईंनी "आज घसा बरा नाही" म्हणून आरतीच सुरू करून टाकली.

घरी आल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "साधना, एक पाह्यलं का तू? जाताना वाजते, येताना गप्प राह्यते."

"योगायोग असंल, आई."

"दर खेपेले? ही त्यांची गाडी हाय बाई. मी जाऊ नाही, असं ते वरून सांगून राह्यले. बार्शीटाकळीचा शब्द दिला हाय, तेवढं करतो. मंग चिपळ्या देवाजवळ ठेवून देतो."

साधनाला हे पटणारं नव्हतं. पण जाताना वाजते आणि येताना वाजत नाही, हे खरंच होतं, तिने स्वतः ऐकलं होतं. आईंच्या मनातून ते कसं काढणार? आणि नव्या स्प्रिंगा घालायची हौस तिची. आपल्या हाताने आपण आईंची कथा बंद केली, असंच तिला वाटू लागलं.

बार्शीटाकळीला जायचं तर वाटेत अकोला. तिथे बंडू मिस्त्री होता, बुवांच्या ओळखीचा. साधना मुद्दाम सकाळीच निघाली आणि दुपारी गाडी त्याच्या दारात उभी केली.

"या ताई!" बंडू आतूनच ओरडला. "आवाज तं मले चौकातूनच आला. म्या म्हटलं, वरात आली का काय!"

"चेष्टा नको करू भाऊ. लय हैराण झालो आमी."

"शॉकअप गेला असंल. पाह्यतो." तो गाडीखाली शिरला, ठोकलं, हलवलं, आणि जरा पडेल चेहऱ्याने बाहेर आला. "नाई बा. शॉकअप ठणठणीत हाय."

मागच्या सीटवरून भागीरथाबाई म्हणाल्या, "कशाले खटपट करता बाप्पा? ती जाताना वाजते, येताना गप्प राह्यते. काय समजाचं ते मी समजली."

"येताना गप्प?" बंडूने मान खाजवली. "काहून? येताना काय खाऊन येते ती?"

"तूर खाऊन येते," साधना वैतागून म्हणाली. "दोन-दोन पोते."

म्हणाली आणि तीच थबकली. बंडूही थबकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बंडूने समोरच्या पानठेल्याकडे हाक टाकली, "ओ मनोजभाऊ! या इकडं, अन् येताना तुमच्यासारखेच दोघं घेऊन या. आज तुमच्या अंगाचा उपयोग हाय!"

भागीरथाबाई खाली उतरल्या, तंबोरा पुढच्या सीटवर गेला, आणि पान चघळणारी तीन भरदार माणसं मागे कोंबून बसली. "काहो, लग्नाले नेता का?" असं एक जण विचारत होता. साधनाने गाडी गतिरोधकावरून नेली. आवाज नाही. परत आणली. नाही. माणसं उतरवली, तोच गतिरोधक, तोच वेग: टण्!

"पाह्यलं?" साधना ओरडली. "आई, पाह्यलं का? जाण्या-येण्याचं काही नाही. वजनाचं हाय!"

भागीरथाबाईंनी नुसतं पाहिलं. मान हलवली नाही.

बंडूने मागचा भाग जॅकवर उचलला, तशी चाकं खाली लोंबली. त्याने स्प्रिंगेला हात घालून हलवलं. ती सैल होती, टोकाशी खणखणत होती, आणि जिथे ती टेकायची तिथे लोखंड घासून आरशासारखं चकाकत होतं.

"हे घ्या. गाडी भरली असली का स्प्रिंग दबून राह्यते. रिकामी असली अन् चाक खाली गेलं का हे उचलते अन् आपटते. लोखंडावर लोखंड. पण इथं रबर राह्यते ना ताई. असं जाड, गोल." त्याने दोन्ही हातांनी कडं केलं. "जुन्या स्प्रिंगेच्या टोकाले होतं असंल. कुठी गेलं?"

साधनाने त्या हातांच्या कड्याकडे पाहिलं. मग हळूहळू तिची नजर गाडीच्या आत वळली.

त्याचं असं झालं होतं. स्प्रिंगा बदलायला निघाली तेव्हा भागीरथाबाई म्हणाल्या होत्या, त्यांच्या गाडीतून जे निघेल ते भंगारात नको जाऊ देऊ, त्यांनी वापरलेली वस्तू हाय, सगळं घरी आण. साधनाने गॅरेजात तसंच बजावलं: जुनं जे निघेल ते सगळं द्या. गॅरेजवाल्याने भाविकपणे सगळं दिलं, स्प्रिंगांना चिकटलेल्या रबरासकट. स्प्रिंगांना हळदकुंकू लागलं, त्या तुळशीजवळ गेल्या. आणि ती दोन काळी गोल रबरं बाईंना कशी वाटली? अगदी चुंबळीसारखी. एक तंबोऱ्याच्या भोपळ्याखाली, एक पाण्याच्या कळशीखाली. काय छान बसत होती! ज्या जागची ती, तिच्यापासून हातभर अंतरावर, त्याच गाडीत बसून ती रोज कीर्तनाला जात होती.

साधनाने दोन्ही काढून पुढे धरली, तेव्हा बंडू खालीच बसला हसत.

"अवो, गाडीचे जोडे काढून तुमी तंबोऱ्याले घातले! मंग ते बिचारी अनवाणी ओरडणार नाई तं काय?"

साधनालाही हसू आवरेना. भागीरथाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ती रबरं हातात घेतली, पदराने पुसली, वळवून वळवून पाहिली.

"मले वाटलं, ते नको म्हणून राह्यले."

"माय," बंडू हसू गिळून म्हणाला, "बुवांले म्या पाह्यलं हाय. त्यांले काही सांगाचं असतं तं ते असे गाडीखाली लपून बोलले नसते."

त्यावर बाई किंचित हसल्या आणि रबरं त्याच्या हातात दिली. "नीट बसव रे बाबा."

उन्हं कलता कलता त्या दोघी बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागल्या. पहिला गतिरोधक आला तेव्हा साधनाने श्वास धरला. गाडी उचलली, उतरली, आणि काहीही झालं नाही. नुसता वारा. तुरीच्या वाळलेल्या शेंगा रस्त्याकडेला मंद खुळखुळत होत्या, दूर कुणी गाईला हाक मारत होतं, आणि सगळा मुलूख कोवळ्या पिवळ्या उजेडात तरंगतो आहे असं वाटत होतं. आरशात भागीरथाबाईंचे डोळे मिटले. ओठ हलू लागले. आज त्या पुटपुटत होत्या ते ऐकूही येत होतं. नावाड्याचं आख्यान होतं: देव उतारू होऊन नावेत बसतो, नावाडी त्याला ओळखत नाही, पैलतीर येतो...

"उतारू उतरला," भागीरथाबाई म्हणाल्या, "आणि नाव..."

साधनाने वाट पाहिली. गाडी अजिबात वाजली नव्हती.

"आणि नाव..." पुन्हा तेच. मग बाईंनी डोळे उघडले. "गाडीवर उगाच आळ घेतला म्या, साधना. शब्द आधीपासूनच सुटून राह्यले. या जागेवर ते द्यायचे. तबल्याच्या आडून, ठेक्यात, हळूच. मांडवात कोणाले कधी कळलं नाही. मलेही नाही, ते गेल्यावर कळलं."

साधना रस्त्याकडे पाहत राहिली. उरलेल्या वाटेवर तिने तेवढंच आख्यान मनात घोळवलं. इतक्या वेळा ऐकलेलं, तरी पहिल्यांदाच शब्दन् शब्द धरून.

सांजेला मांडव भरला. पूर्वरंग चांगला झाला, बुक्का लागला, उत्तररंग रंगत गेला. नाव पैलतीराला लागली. भागीरथाबाईंनी हात उंचावला.

"उतारू उतरला, आणि नाव..."

चिपळ्या थांबल्या. बाईंचा उंचावलेला हात तसाच राहिला. साधनाने पेटीवर षड्ज धरला, लांबवला, आणि त्या सुराच्या आडून, मान खाली घालूनच, म्हणाली, "वर आली नाही."

भागीरथाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाज मात्र असा उठला की कनातीपलीकडे उभी माणसं आत सरकली. "उतारू उतरला, आणि नाव वर आली नाही! नावाडी बघतो, वजन तेवढंच! अहो, गेला म्हणता, मग हे वजन कोणाचं?"

मांडवात कुणी तरी हुंदका दिला. कुणी "रामकृष्णहरी" म्हटलं.

आरतीनंतर गावचे लोक पुढे आले. रामनवमीला याल का, म्हणून विचारू लागले. साधनाचा हात पेटी बंद करता करता थांबला. भागीरथाबाई चिपळ्या फडक्यात बांधत म्हणाल्या, "मले काय पुसता? पुसा माह्या सुनेले. ते आली तं मी आली."

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. भरल्या सभेत तुमचा शब्द सुटला आणि शेजारून कुणी तो हलकेच, नाव न लावता तुमच्या ओठांवर ठेवला, तर पुढे जा, थांबू नका. पण घरी गेल्यावर दिवा लावाल तेव्हा आमच्या पुंजारामबुवांची एक आठवण काढा. तबल्याआड बसून जन्मभर ते तेवढंच करत आले.